कॅमेऱ्यातल्या वहिनी

"परुळेकरीण आलीये आपल्या दाराशी!" फोन उंचावत हे ओरडले. लेकीच्या घरची लक्ष्मीपूजनाची तयारी टाकून आम्ही सगळे फोनवर वाकलो.

आमच्या बंद दारावरचा नवा कॅमेरा उंबऱ्यापुढचं सगळं दाखवत होता. समोर शेजारच्या परुळेकर वहिनी. कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्या दाराकडे म्हणून महिनाभर आमच्याशी बोलत नव्हत्या.

पदराआड काहीतरी झाकून त्या पुढे आल्या.

"फोडणार कॅमेरा! वाजवतोच सायरन!" ह्यांचं बोट बटणाकडे गेलं.

"थांबा हो!" मी हात धरला.

वहिनींनी उंबऱ्यावर पेटती पणती ठेवली, पदर सारखा केला आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

"आजच्या दिवशी दार अंधारात ठेवतात का?" त्या फणकारल्या. "आता दिसतंय ना नीट?"