एकमत

लॅबमधले दोन्ही डॉक्टर नवरा-बायको. गाठीचा तुकडा तपासायला समोरासमोर बसून दोघांना एकदम बघता येईल अशा एकाच मायक्रोस्कोपला डोळे लावायचे, पण पहिल्या झटक्यात एकमत कधीच नाही. ती म्हणणार, "साधी गाठ." तो म्हणणार, "आधी कडेच्या पेशी बघ, मग बोल." अर्धा तास खडाजंगी झाल्याशिवाय रिपोर्टवर दोन सह्या पडायच्या नाहीत. बाहेर पेशींना रंग देऊन स्लाइड बनवणाऱ्या ताई हसायच्या, "चाललं यांचं!"

आज स्लाइड लावल्यावर बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "साधी गाठ. कॅन्सर नाही."

"बरोबर," तो म्हणाला.

तिनं चमकून मान वर केली. "बरोबर काय? कडेच्या पेशी बघ."

"बघितल्या."

"मग भांड ना! आजच कसा रे इतका शहाणा झालास?"

"काल भांडून झालं. दुसऱ्या लॅबमधल्या दोन डॉक्टरांना ही स्लाइड दाखवून आलो. दोघंही साधी गाठच म्हणत होते, तरी एकेक पेशी समजावून घेतल्याशिवाय त्यांना सोडलं नाही."

तिनं स्लाइड काढून हातात घेतली. लेबलवर पेशंटच्या जागी लिहिलेल्या आपल्याच नावावरून अंगठा फिरवला आणि डोळे पुसत म्हणाली, "रंग फिका चढलाय हिला."

"फिका? डोळे तपासून घे आधी! चांगला गडद आहे."

"चाललं बाई यांचं," म्हणत बाहेर ताईंनी सकाळपासून तसाच राहिलेला गार चहा तोंडाला लावला.