टाळ्यांचा ठराव

तिरडी आरमाराच्या फाटकासमोर आली आणि ओक-सूननं पाय रोवले.

जेजू बेटावर तिरडीपुढचा पांढरा दोर ओढायचा मान बायकांचा. आज दोराला वीस जणी होत्या. सगळ्या सत्तरीपुढच्या, समुद्राच्या तळाशी बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या आणि त्यापायी अर्ध्या बहिऱ्या झालेल्या. सगळ्यात पुढची ओक-सून थांबली तशा बाकीच्या थांबल्या. खांदेकरीही थांबले. त्यांना निमित्तच हवं होतं.

सरपंच यांग गी-बेक लगबगीनं पुढं आला. तिरडी त्याच्या आईची. वाटेत तिरडी अडवून मुलाकडून काहीबाही उकळायचं, ही रीतच. त्यानं पाकीट काढलं.

"ते ठेव," ओक-सून म्हणाली. "टाळ्या वाजव."

"काय?"

"टाळ्या रे. चावडीत वाजवल्या होत्यास तशा."

गावचा किनारा आरमाराला देण्याचा ठराव चार वर्षांपूर्वी गी-बेकनं टाळ्यांवर मंजूर करून घेतला होता. हात मोजत बसायला वेळ कुणाला होता. मागच्या बाकांवरून या बायका घसा फुटेस्तोवर 'नाही, नाही' ओरडत होत्या. 'विरोध मला काही ऐकू आला नाही,' असं त्यानं सभेत सांगितलं आणि तसंच लिहून घेतलं. सगळ्यात मोठा आवाज त्याच्या आईचा होता. पुढं सुरुंग लागले. बुड्या मारून दमलेल्या बायका ज्या काळ्या खडकावर पाठ टेकायच्या, तो उडाला. म्हातारी त्यानंतर पोराच्या हातचं पाणीसुद्धा प्यायली नाही.

"मावशी, बाराच्या आत पुरायचंय. मुहूर्त टळला तर आईला..."

"तिला घाई नाही. विचारलंय मी."

खांदेकऱ्यांपैकी कुणीतरी खोकला काढून हसू दाबलं. गी-बेकनं घड्याळ पाहिलं. पावणेबारा. स्मशानाचा चढ अजून पुरता बाकी होता.

त्यानं तागाच्या शोकवस्त्राच्या बाह्या मागं सारल्या आणि टाळी वाजवली. एक. मग दुसरी. मग तळवे लाल होईपर्यंत. फाटकातल्या पहारेकऱ्याला वाटलं, कुणी फार मोठं माणूस गेलं. त्यानं कडक सलाम ठोकला.

टाळ्या थांबल्या. ओक-सूननं दोर सावकाश खाली ठेवला आणि कानामागं हात धरला. मागच्या एकोणीस जणींनीही धरला.

"काय रे बाबा," ती म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही."