बिनविषारी

कडब्याची पेंढी उचलली आणि शिवकन्येच्या अंगावर सर्रकन काटा आला. गोठ्याच्या भिंतीलगत चांगला पुरुषभर लांबीचा साप पसरला होता. तिची किंकाळी ऐकून सासू, तुळजाबाई, काठी घेऊन धावत आली आणि तिच्या पुढं उभी राहिली.

"आत्या, मारू नका! आधी कोणता हाय ते बघू."

शिवकन्येच्या भावानं कळंबहून तिला एक वेबसाइट पाठवली होती. सापाचा फोटो टाकला की विषारी का बिनविषारी, ते लगेच कळायचं. बाजूला सरकून तिनं सासूसकट सापाचा फोटो काढला आणि टाकला. जळकोटात रेंज एरवीही रडतखडतच मिळते. आज तर स्क्रीनवरचं चाक नुसतं फिरतच राहिलं.

"काय म्हणतंय गं?" सापावरची नजर न हलवता सासूनं विचारलं.

तेवढ्यात उत्तर उमटलं. धामण. बिनविषारी. माणसाला धोका नाही.

"आत्या, धामण हाय, धामण! भ्यायचं काय बी कारण न्हाय!"

"आई भवाने!" म्हणत तुळजाबाईनं काठी टाकली आणि मागच्या कडब्याला टेकून मटकन खाली बसली. शिवकन्येनंही मोकळा श्वास घेतला आणि उरलेलं उत्तर वाचायला स्क्रीन वर सरकवली.



"फोटोत आणखी एक साप आहे. काठी धरलेल्या स्त्रीच्या मागे, कडब्यात. घोणस, अत्यंत विषारी."