पलंगावरचं वजन

पिंपळे गुरवच्या त्या फ्लॅटमध्ये तिसरा पलंग आला, तोवर स्वरूपा पुरती वैतागली होती. पहिला फार उंच निघाला. दुसऱ्याचे कठडे ओलांडताना तिचे वडील, अप्पा, पडले, खुबा मोडता मोडता वाचला. स्मृतिभ्रंशात अप्पांचं सारं पुसलं गेलं, एक सवय तेवढी राहिली. तरुणपणी खोलीवर दोन कामगारांत एकच खाट होती; एक उठला की शिफ्टवरून आलेला दुसरा निजायचा. अप्पा अजूनही रोज दुपारी खाट मोकळी करून द्यायला उठत.

हा नवा पलंग जमिनीलगत खाली जाई, आणि अंगाचं वजन उठलं की गादीखालची घंटी वाजे.

"पोरी, मला बी घोटभर चहा," स्वरूपा दुपारचा चहा टाकत असताना मागून आवाज आला. अप्पा उशी काखोटीला मारून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. घंटी वाजलीच नव्हती.

तिने दुकानदाराला फोन लावला. "अहो, बिघडलेलं यंत्र गळ्यात मारलंत की! माणूस उठला तरी वाजत नाही!"

"ताई, हिरवा दिवा लागलाय?"

तिने खोलीत डोकावलं. "लागलाय."

"मग गादीवर वजन हाय अजून."

"कसलं डोंबलाचं वजन!" फोन आपटून ती तणतणत आत गेली. गादी मधोमध दबलेली होती.

"हळू गं," मागे आलेले अप्पा कुजबुजले. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

तिने चिडून चादर खसकन ओढली.

गादी कुरकुरली, आणि चादर झोपेतल्या सवयीने, हलकेच, परत ओढून घेतली गेली.