सहा वर्षांपूर्वीचा स्कॅन

ताईच्या फुप्फुसात गाठ निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “सहा वर्षांपूर्वीचा स्कॅन मिळतो का बघा. गाठ नवी की जुनी, ते कळेल.”

तो स्कॅन हॉस्पिटलच्या एका जुनाट कॉम्प्युटरच्या डिस्कवर होता, आणि कॉम्प्युटर त्या डिस्कला ओळख द्यायलाच तयार नव्हता. ताईचा धाकटा भाऊ तिथेच टेक्निशियन. त्याने तीन दिवस त्या खोक्यापुढे ठाण मांडलं. डिस्क कॉम्प्युटरला जोडणारी स्कझीची केबल बदलली, केबलच्या टोकाचा टर्मिनेटर बदलला, कार्ड काढून, पुसून परत बसवलं. स्क्रीनवर आपलं तेच: एकही डिस्क सापडली नाही.

चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की त्याच केबलवर मागाहून जोडलेल्या टेप ड्राइव्हला कुणीतरी डिस्कचाच नंबर देऊन ठेवलाय, आणि दोघांचा नंबर एकच म्हणून कॉम्प्युटर गोंधळतोय. त्याने डिस्कचा नंबर बदलला आणि डिस्क दिसली. त्याचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. जुन्यावर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं.

“तेव्हाही होती. वाटाण्याएवढी. तेव्हा सहज काढता आली असती,” ते म्हणाले. “रिपोर्टात मात्र ‘सगळं ठीक’ लिहिलंय.”

ताई बाहेर बाकावर बसली होती. “लागला का रे हाताला?” तिने विचारलं.




“नाही गं ताई,” तो म्हणाला. “ती डिस्क काही दिसतच नाही.”