पूर्ण हंगामाच्या गोळ्या

एचआयव्हीच्या औषधकेंद्रात नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच रुग्णांची बैठक घेतली. "इथं काय बदलायचं, ते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या गयाबाईनं नवऱ्याला आठवून धीर केला. "मॅडम, गोळ्या तुमी महिन्याच्याच देता. आमी सहा महिने कर्नाटकात ऊस तोडतो. तिथून कसं यावं? आमच्या मालकांच्या गोळ्या उसाच्या फडातच संपल्या, ते तिकडंच गेले, अन् पाडव्याला मी एकटीच गावाकडं मांजरसुंब्याला उतरले." डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याची फाइल काढली. शेवटचा शेरा होता: 'रुग्ण बेफिकीर.' त्याखाली त्यांनी लिहिलं, 'आपणच औषध पोचवलं नाही.' दसऱ्याआधी तोडीला निघणाऱ्यांना पूर्ण हंगामाच्या गोळ्या मिळाल्या. रांगेत गयाबाईपुढं तिच्याच टोळीतली सिंधू दिसली. चार हंगाम फडावर दोघींच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, शेजारी होत्या, पण दोघींनीही दुखणं लपवलं होतं. सिंधू रडायला लागली. "आता रोज संगंच घेऊ गोळी," गयाबाई म्हणाली.