कागद वजा जाता

"दहा रुपये! महिपतराव, कागद, शाई, बाइंडिंग सगळं वगळून फक्त दहा रुपये कमी?"

राजश्रीचा आवाज प्रकाशकाच्या त्या चिमुकल्या ऑफिसात मावेना. तिची कादंबरी छापील घ्या, साडेतीनशे. मोबाइलवर ई-बुक घ्या, तीनशे चाळीस. चार महिन्यांत ई-बुकं खपली तीन, आणि त्यातलं एक तिनं स्वतःच घेतलेलं. डोकं फिरेल नाहीतर काय होईल!

महिपतराव असल्या आवाजांना कसले बधतात! रत्नागिरीत राहून पुस्तकं विकायची म्हणजे माणूस निबर होतोच. त्यांनी शांतपणे पंखा वाढवला.

"ताई, ई-बुक पन्नासला ठेवलं तर दुकानदार छापील प्रतीला हात लावायचा नाही. मग दुसरी आवृत्ती विसरा. आणि तुम्ही काय कागद लिहिलात? मजकूर दोन्हीकडे तोच ना?"

"अहो, पण ज्यांच्यावर लिहिलंय त्यांनी वाचायचं कसं? पुस्तक बोटीवर नेलं की दोन दिवसांत त्याचा लगदा. मोबाइल तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत टिकतो. आणि खलाशी माणूस गोष्टीला तीनशे चाळीस घालेल?"

"मग नाही वाचणार," महिपतराव म्हणाले. "त्याच्यासाठी मी दुकान बंद करू?"

राजश्रीला रडूच यायचं बाकी राहिलं. बुरोंडीच्या पोरांना छळून छळून, एकेक गोष्ट काढून घेऊन तिनं ही कादंबरी लिहिली होती. तिचा धाकटा भाऊ बाबल्या त्यांच्यातलाच, मासेमारीच्या बोटीवरचा. आणि वाचणार कोण, तर ग्रंथालयातली वाळवी! या माणसापुढे डोकं आपटून उपयोग नाही, असं मनाशी म्हणत ती पर्स उचलायला लागली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. बाबल्याची बोट रेंजमध्ये आली असावी.

'ताय गो, तुझं पुस्तक आलं आमच्या ग्रुपवर! फुकट! कोणीतरी पानापानाचे फोटो काढलेन. जाळं टाकलं की लवू मोठ्यानं वाचतो. तांडेलपण सुकाणू धरून ऐकत बसतो.'

खाली फोटो होते. तिरपी पानं, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कुणाचा तरी जाडजूड अंगठा.

"काय हो, काय झालं?" महिपतरावांनी विचारलं.

"काही नाही, घरचं आहे," म्हणत तिनं मोबाइल छातीशी धरला. तोंड भलतंच लाल झालं होतं. मग त्यांच्याकडे पाठ करून तिनं लिहिलं, 'ही चोरी आहे, बाबल्या. आधी काढून टाका ते ग्रुपवरून.'

 पण न पाठवताच ती ओळ पुसली, आणि घाईघाईनं दुसरी लिहिली:

'शेवटापर्यंत आलात का? तांडेल काय म्हणाला?'